तांडेलाची होडी आणि ढोकीचा पत्रा

पत्र्याचं काम करणाऱ्याच्या पायाशी कात्रणं साठतात. सकाळी झाडून काढली तरी संध्याकाळी तेवढीच पडलेली असतात. किश्श्यांचंही तसंच आहे. आपण आपलं काम करत असतो आणि ते खाली पडत राहतात. मला बोलायला जरा वेळ लागतो, म्हणून माझ्याकडं जास्तच साठले असतील. आमचा वेल्डर रशीद म्हणतो, "नानांचं एक वाक्य पुरं होईस्तोवर माझा रॉड संपतो."

आमचं वर्कशॉप ढोकीला, साखर कारखान्याच्या रस्त्यावर. मालक शिवलिंगआप्पा. धान्याच्या कोठ्या, जनावरांच्या पाण्याच्या टाक्या, उसाच्या ट्रेलरचे पत्रे, असली कामं आम्ही करतो. मी चौथी शिकलो आणि पत्र्याला लागलो, तो अजून आहे. समुद्र आमच्यापैकी कुणी पाहिलेला नव्हता. तरी मागच्या वर्षी आप्पा, रशीद आणि मी, तिघांनी मिळून समुद्रातल्या एका होडीचं काम घेतलं. त्या एका कामात जेवढी कात्रणं पडली तेवढी आयुष्यभराच्या कोठ्यांत पडली नाहीत.

*

आप्पांची मुलगी गिरिजा. धाराशिवच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकली आणि तिला नोकरी लागली ती थेट तळकोकणात, समुद्राकाठच्या टेकडीवर. तिथं रडार आहे. ती पडद्यासमोर बसते आणि किनाऱ्याजवळून जाणारी जहाजं बघते.

हे आप्पांना लोकांना सांगता येईना. कोठी न्यायला आलेल्या एका शेतकऱ्यानं विचारलं, "आप्पा, पोरगी काय करती म्हणलाव?"

"राखण करती," आप्पा म्हणाले.

"कशाची?"

"जहाजांची."

शेतकरी विचारात पडला. म्हणाला, "मग गोफण द्या की संगं."

गिरिजा सुट्टीला आली तेव्हा रशीदनं तिला गाठलं. "बेटा, आमाला एकदा नीट समजावून सांग. तुझ्या अब्बांचं ऐकून लोक गोफण द्यायलेत."

तिनं आम्हाला मागच्या विहिरीपाशी नेलं. वाकून विहिरीत हाक मारली, आणि हाक परत आली. म्हणाली, "रडार असंच करतं, रशीदचाचा. वरून हाक मारतं आणि ऐकत बसतं. लोखंडाचं जहाज हाक परत पाठवतं. पडद्यावर ठिपका उमटतो. लाकडाची होडी बरीचशी हाक गिळून टाकते. उरलेली लाटांच्या गलबल्यात हरवते."

रशीद म्हणाला, "मग आप्पा लाकडाचे हायेत. जुम्म्याला लवकर सोडा म्हणून किती वर्सं हाक मारायलो. एकदा बी परत आली न्हाय."

त्या शुक्रवारी आप्पांनी त्याला बाराला सोडला.

*

त्याच सुट्टीत तिनं काम सांगितलं.

ती तिकडं एका म्हाताऱ्या कोळ्याच्या घरी खोली घेऊन राहते. सखाराम त्यांचं नाव. होडीच्या मुख्य माणसाला तिकडं तांडेल म्हणतात, म्हणून सगळं गाव त्यांना तांडेल म्हणतं. होडी लहान आहे, लाकडी आहे, आणि तांडेल एकटेच जातात. पहाटे निघतात, दुपारी येतात. त्यांच्या वाटेत मोठ्या जहाजांचा रस्ता आडवा येतो.

गिरिजा दुपारी जेवायला टेकडीवरून खाली आली की तांडेलांची बायको उंबऱ्यात उभी असते. रोज एकच विचारते, "आमचे दिसले काय गो?"

आणि गिरिजाला रोज नाही म्हणावं लागतं.

"एक दिवस मोठं जहाज चाललं होतं," ती म्हणाली. "ते मला दिसत होतं. ज्या बाजूला चाललं होतं त्या बाजूला काका असणार हे पण ठाऊक होतं. होडी दिसली असती तर वायरलेसवरून जहाजाला सांगितलं असतं, बाजूनं जा म्हणून. पण नुसतं 'तिथं कोणतरी असेल' म्हणून कसं सांगायचं? हात चोळत बसले."

आप्पांनी विचारलं, "मग? काय झालं?"

"काका आले. जाळं तुटलं होतं. जहाजानं नेलं म्हणाले."

मग तिनं कागदावर चित्र काढलं. तीन पत्रे एकमेकांत काटकोनात अडकवलेले, सगळ्या बाजूंनी खोलगट कोपरे. त्याला रिफ्लेक्टर म्हणतात. काठीवर उंच टांगला की तो हाक जशीच्या तशी परत पाठवतो. बाजारात मिळतो. तिनं एक नेलाही होता, पण तो हलका होता आणि एका वाऱ्यात वाकला.

"नाना, तुम्ही करा," ती म्हणाली. "तुमच्या कोठीवर बैल घासला तरी वाकत न्हाय."

रशीदनं चित्र उलटंसुलटं करून बघितलं. "ही तर चांदणी हाय," म्हणाला. तेव्हापासून आमच्याकडं त्याचं नाव चांदणी.

*

पहिली चांदणी मी चार दिवस केली. ॲल्युमिनियमचा जाड पत्रा घेतला. कडा दुमडून गोल केल्या, तांडेलांचा हात कापू नये म्हणून. पत्रे जोडायच्या रिबेटा अशा ठोकल्या की बोटाला लागू नयेत. गिरिजा निघून गेली होती, म्हणून एसटीच्या पार्सलनं पाठवली.

आठ दिवसांनी फोन आला. "नाना, चांदणी लई सुंदर झाली. काकूंनी ओवाळली. पण पडद्यावर काहीच दिसंना."

मला रात्रभर वाईट वाटलं. सकाळी उरलेल्या पत्र्याची तशीच एक पुन्हा केली आणि गुण्या लावून बघितला. गुण्या म्हणजे काटकोन तपासायची लोखंडी पट्टी. कोन उघडा होता. फार नाही, ज्वारीचा दाणा जाईल एवढा.

मग ध्यानात आलं. माझा हात पन्नास वर्षं कोठ्या आणि टाक्या करतोय. आमच्या धंद्यात काटकोन कुणी करतच नाही. धान्य खाली सरकावं म्हणून, एकात एक टाकी बसावी म्हणून, प्रत्येक कोन आम्ही बाहेरच्या बाजूला जरा सैल सोडतो. डोळे झाकले तरी हात तेवढंच सोडतो. मी चांदणी केली नव्हती. समुद्रात टांगायची कोठी केली होती.

गिरिजाला सांगितलं. ती म्हणाली, "असू द्या नाना. चांगल्या मनानं कोन सैल सोडलाव."

"मन चांगलं असून तांडेल दिसत न्हाईत ना," मी म्हणालो.

*

काटकोन खरा झाला की नाही हे ढोकीत कसं कळणार? इथं रडार नाही. गिरिजानं फोनवर युक्ती सांगितली. चांदणीच्या एका कोपऱ्यात तिन्ही बाजूंनी आरसे चिकटवायचे आणि आत बघायचं. कोन बरोबर असला तर तुम्ही कुठूनही बघा, कोपऱ्यात तुमचाच डोळा दिसतो. कोन चुकला तर डोळा मधून फाटलेला दिसतो.

समोरच्या सलूनवाल्याकडून फुटका आरसा आणला. रशीदनं काचा कापल्या. मी पत्रा बसवला, डोळा फाटला. पुन्हा बसवला, कमी फाटला. तिसऱ्या दिवशी दुपारी डोळा सबंध दिसला.

मग काय, सगळ्या रस्त्याला कळलं. सलूनवाला अर्धी दाढी सोडून आला. मागून अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईकही आलं. फवारणीचा पंप दुरुस्तीला आणलेले एक आजोबा डावीकडून बघून आले, उजवीकडून बघून आले, खाली बसून बघितलं. म्हणाले, "कुठंबी गेलो तरी मीच. ह्यात माझी म्हातारी नव्हती का दिसायची?"

संध्याकाळी माझी बायको डबा घ्यायला आली. मी तिलाही बघायला लावलं. तिनं बघितलं. मग म्हणाली, "आता तुमी बी या. संगट बघू."

आम्ही दोघं डोक्याला डोकं लावून वाकलो.

"मला मीच दिसायले," ती म्हणाली. "तुमाला?"

"मला मी."

"म्हणजे एका जागी बघून बी ज्याचं त्यालाच दिसतं."

"व्हय."

"ह्यात नवीन काय हाय मग?" असं म्हणून ती डबा घेऊन गेली.

रशीद त्या दिवशी रॉड हातात धरून हसत बसला होता.

*

दुसरी चांदणी रिबेटा मारायला घेतली होती त्या दिवसाची गोष्ट. दुपारी दोनच्या सुमाराला आप्पांचा फोन वाजला. गिरिजा होती. आप्पांनी फोन ऐकता ऐकता हात वर केला. रशीदनं ग्राइंडर बंद केला. मी हातोडी खाली ठेवली.

तांडेल आले नव्हते. बाकीच्या होड्या बाराला आल्या. वारा वाढला होता. लोखंडी जहाजं सगळी पडद्यावर होती आणि होडीचा पत्ता नव्हता.

आप्पा फोन कानाला लावून उभेच राहिले. मधेच एकदा म्हणाले, "मी हाय इथंच. तू बघ तुझं." कोठी न्यायला आलेलं गिऱ्हाईक काही विचारायला लागलं, तर रशीदनं त्याचा हात धरून बाहेर नेलं.

मी अर्धी चांदणी मांडीवर घेऊन बसलो होतो. कधी एवढं वाटलं नव्हतं की माझा हात हळू चालतो.

तीन वाजून गेल्यावर आप्पा खाली बसले. "आले," म्हणाले.

तांडेल खडकाच्या आडोशाला होडी लावून जाळं शिवत बसले होते. भाकरी खाल्ली होती. थोडी झोपही काढली होती. त्यांची बायको त्यांना काय म्हणाली ते गिरिजानं आम्हाला नंतर सांगितलं. काकू म्हणाल्या होत्या, "निजूक घरात जागा नाय काय तुमका?"

त्या दिवशी आम्ही पुढं काम केलं नाही. आप्पांनी चहा मागवला, आणि तो तिघांनीही थंड करून प्यायला.

*

दुसरी चांदणी आरशात तपासून, कोपऱ्याकोपऱ्यात गुण्या लावून, गोणपाटात गुंडाळून मी पार्सलला दिली. आता प्रश्नच नव्हता.

गिरिजाचा फोन आला. "नाना, दिसायले, पण अर्धवट. होडी इकडं वळली की ठिपका उमटतो. तिकडं वळली की पुसला जातो."

मी म्हणालो, असं होणारच नाही. मी स्वतः बघितलंय.

तिनं फोटो पाठवला. एका पत्र्यावर, बरोबर मधोमध, खोलगट खळी पडलेली. हातोडीची. अशी खळी मी चांगली ओळखतो.

आता आमच्या वर्कशॉपची एक रीत सांगतो. कुठलाही माल बाहेर जाताना आप्पा त्यावर हातोडीचा एक ठोका मारतात. आवाज ऐकतात, मान हलवतात, मगच माल गाडीत चढतो. कोठीला त्यानं काही होत नाही. गिऱ्हाईकही त्या ठोक्यासाठी थांबतं. ठोका न मारता दिलेली कोठी एकानं परत आणली होती.

पण ही चांदणी तर मी माझ्या हातानं स्टँडवर नेली होती. आप्पा तेव्हा धाराशिवला कोर्टाच्या कामाला गेले होते.

मी फोटो घेऊन आप्पांसमोर उभा राहिलो. ते फोटोकडं बघेनात. रशीद म्हणाला, "आप्पा, समुद्रात हातोडी घेऊन कोण जातं?"

मग आप्पा हळू म्हणाले, "धाराशिवहून परत येताना स्टँडवर उतरलो. पार्सल अजून तिथंच होतं. सोडून बघितलं. हातोडी पिशवीत होतीच."

"आणि?"

"आवाज चांगला आला."

"आप्पा, त्यानं कोन गेला की," मी म्हणालो.

ते म्हणाले, "नाना, तुझा हात लागला, रशीदचा लागला. सलूनवाल्याचा आरसा लागला. पोरगी माझी, आणि माझाच हात त्याला कुठं लागला न्हाय." मग हातोडी कपाटात ठेवून त्यांनी कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. "तिसरी जाईपर्यंत तुझ्याजवळ ठेव."

तिसरी चांदणी आम्ही तिघांनी मिळून केली. आप्पांना मी पत्रा धरायला दिला. रिबेटा बसेपर्यंत ते श्वाससुद्धा जपून घेत होते.

*

तिसरी पार्सलनं पाठवायची नाही असं ठरलं. मीच घेऊन निघालो, मांडीवर.

एसटीत ती ठेवायला जागा नव्हती. खाली ठेवली तर कुणाचा पाय लागणार, वर ठेवली तर बॅगा पडणार. म्हणून मांडीवर. बायकोनं खाली जुन्या दुपट्याची घडी दिली होती, पत्रा पायाला रुतू नये म्हणून.

शेजारच्या बाईनं विचारलं, "मांडवाला लावायचं हाय का, बाबा?"

मी म्हणालो, "न्हाय. होडीला."

तिनं खिडकीबाहेर बघितलं. बाहेर सोयाबीन होतं. मग तिनं पिशवी जरा माझ्यापासून लांब घेतली.

कंडक्टर आला. त्यानं चांदणी सगळ्या बाजूंनी बघितली. म्हणाला, "आजोबा, हे काय?"

मी सांगायला सुरुवात केली. विहीर, हाक, लाकूड, लोखंड. मी सांगेपर्यंत तो मागच्या सीटपर्यंत तिकिटं फाडून परत आला होता. तरी माझ्याजवळ थांबला, सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "टांगायची कशी? सरळ का तिरकी?"

"एक कोपरा वर तोंड करून," मी म्हणालो. "गिरिजा म्हणती, पाऊस झेलायला वाटी धरावी तशी."

"मग आपल्याकडं टांगा की," तो म्हणाला. "झेलू द्या जरा." पण तिकीट फक्त माझंच फाडलं. आणि गाडी बदलताना माझ्या हातातून चांदणी घेऊन, दोन्ही हातांत धरून, दुसऱ्या गाडीत त्यानंच नेऊन ठेवली.

*

समुद्र बघून काय वाटलं असं सगळे विचारतात. मला वाटलं, एवढ्यात एक माणूस कसा सापडायचा?

गिरिजा राहते ते घर किनाऱ्यालाच आहे. तांडेल अंगणात बसले होते. माझ्याच वयाचे, पण हात माझ्यापेक्षा जाड. शेजारी कोंबड्यांचं खुराडं होतं आणि त्याच्यावर आमची दुसरी चांदणी. एक कोंबडी आप्पांच्या खळीत बसली होती.

तांडेलांनी तिसरीकडं बघितलं आणि हात जोडले. "पाव्हण्यांनू, बसा, जेवा. पण ह्या आता पुरे झाला. दोन लावलंय. चाळीस वर्सां दर्यात जातंय, माका कोणी बघूक नको."

मी चांदणी भिंतीला टेकवून ठेवली. लांबून आलेल्या माणसानं आल्या आल्या वाद घालू नये.

दुपारी गिरिजा टेकडीवरून आली. आम्ही लिंगायत, मासे खात नाही असं तिनं पहिल्याच दिवशी काकूंना सांगितलं होतं म्हणे. तेव्हापासून काकूंनी तिच्यासाठी वेगळा तवा आणि वेगळं पातेलं ठेवलंय. त्यात वरण असतं. तांडेल त्या वरणाला नावं ठेवतात. आजाऱ्याचं जेवण म्हणतात. चुकूनसुद्धा बोट लावत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी एक बघितलं. तांडेल दर्यात होते. गिरिजा आली, काकूंनी ताट वाढलं, आणि गिरिजा ताटासमोर नुसती बसली. बोलत होती, हसत होती, पण घास घेतला नाही. पाऊण तासानं होडी वाळूला लागली, तेव्हा तिनं भाकरी मोडली. तोवर वरण निवून गेलं होतं.

मी काकूंना हळूच विचारलं. त्या म्हणाल्या, "रोजचा आसा. मी सांगून दमलंय."

संध्याकाळी तांडेल होडीपाशी बसले होते. मी जाऊन शेजारी बसलो. म्हणालो, "तांडेल, चांदणी तुमच्यासाठी न्हाय."

"मगे कोणासाठी?"

"आमची पोरगी तुम्ही येईपर्यंत जेवत न्हाय. रोज गार खाते."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग घराकडं बघितलं. मग उठले, होडीतली काठी सोडवली आणि माझ्यासमोर आडवी ठेवली.

"खंय बांधायची ती दाखव," म्हणाले.

अंधार पडायच्या आत आम्ही दोघांनी ती बांधली. एक कोपरा वर, वाटी धरल्यासारखा. त्यांनी गाठ मारली, ती मला अजून जमत नाही.

*

आता शेवटचा किस्सा. हा मी ढोकीत फक्त आप्पांना आणि रशीदला सांगितलाय.

तांडेल पहाटे चांदणी लावून गेले. गिरिजा कामावर गेली. टेकडीवर बाहेरच्या माणसाला जाता येत नाही, म्हणून मी अंगणात काकूंना लसूण सोलून देत बसलो. सकाळी धुकं होतं, ते दहापर्यंत हललं नाही. समुद्र नुसता ऐकू येत होता. काकू लसणाच्या पाकळ्या मोजल्यासारख्या ठेवत होत्या. मी त्यांना आप्पांच्या हातोडीचा किस्सा सांगितला. हसल्या, पण कान समुद्राकडं होता.

मोठ्या जहाजाचा भोंगा एकदा ऐकू आला. लांब होता की जवळ, मला कळलं नाही. काकूंना कळलं असावं. त्या उठून आत गेल्या आणि विनाकारण चूल पुसायला लागल्या.

बाराला धुकं उठलं. तांडेल साडेबाराला आले. वाळूत होडी ओढली, हातपाय धुतले आणि येऊन पाटावर बसले ते कपाळाला आठ्या घालूनच. टोपली जवळजवळ रिकामी होती.

त्यानंतर गिरिजा आली. रोजच्यापेक्षा उशिरा. दारातच थांबली. तांडेलांकडं बघितलं, आणि चौकटीला हात लावून जरा वेळ तशीच उभी राहिली. मी विचारलं, "काय गं?" तर म्हणाली, "काही न्हाय, नाना. तिथलं बाहेर सांगायचं नसतं."

काकूंनी ताटं वाढली. तांडेलांचं बोलणं चालूच होतं.

"एवढा भला मोठा जहाज," ते मला सांगत होते. "धुक्यातसून सरळ माझ्याकडे येय होता. सरळ. मी म्हटलंय, येवंदे, येवन येवन जायत खंय. आणि मधीच वळला. काय कारण? कायएक नाय. ऐन टायमाक लाटा करून गेला. सगळे मासे बुजवल्यान. अशांका जहाज देता तरी कोण?"

काकू हातातली पळी तशीच धरून उभ्या राहिल्या.

"डोळे नसतत," तांडेल म्हणाले. "एवढो समुद्र पडलो हा, आणि माझ्याकडेच येवन वळूक होया."

गिरिजानं आपलं वरणाचं पातेलं ओढलं, पळीभर वरण घेतलं आणि न विचारता तांडेलांच्या भातावर घातलं. थोडं ताटाबाहेर सांडलं.

तांडेलांनी वरणाकडं बघितलं, मग तिच्याकडं.

मग भात कालवला, आणि सगळा खाल्ला.